पाणबुडीसाठी कोणता नारळ

आये, तुझ्या नातवाला पाणबुडीवर जायचंय. हे आधीच सांगून टाकते, कारण मी गोष्ट लांबवायला लागले की तू मुद्द्यावर ये म्हणायचीस, आणि आज मला मुद्द्यावर येऊनच मग लांबवायचंय. तू गेलीस तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. तुझ्यासारखं बसकं नाक आणि बाबांसारखी उंची घेऊन आलाय. बारावी झाल्यावर नेव्हीत लागला, बाबांसारखाच इंजिनरूममध्ये, आणि सध्या एका फ्रिगेटवर आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी पूर्ण्याला गोडाऊनमध्ये होते. हो, मी नोकरी करते. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून माल उतरवणारे ट्रक दिसतात आणि दिवसभर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत असतं. त्या आरडाओरड्यात तो म्हणाला, "आई, पाणबुडीसाठी नाव द्यायचं म्हणतोय. तुझं काय म्हणणं आहे?" पाणबुडीवर कुणाला ढकलून पाठवत नाहीत, ज्याला जायचं असेल त्यानं आपणहून पुढे यायचं असतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक कसं नसेल? हाच प्रश्न आपल्या घरात एकदा येऊन गेलाय आणि त्याचं उत्तर तू दिलं होतंस. मी त्याला म्हटलं, नारळी पुनवेपर्यंत सांगते. तो म्हणाला, पुनवेचा काय संबंध? मी म्हटलं, ठेव फोन, ट्रक आलाय.

तेव्हापासून तू डोक्यात ठाण मांडून बसलीयेस. आणि बसलीयेस ती कामतघरच्या आपल्या खोलीच्या दारात, पुढ्यात सूप घेऊन. मे महिना आहे. पावसाळ्याची सुकी मासळी भरून ठेवायचीय म्हणून तू सुताच्या कांड्या भरायच्या कामाला गेलेली नाहीस. चाळीच्या दोन्ही अंगाला कापड विणणारे लूम चालू आहेत, त्यामुळे आपण सगळे ओरडूनच बोलतोय. आपल्या चाळीतली माणसं लग्नाच्या मांडवातसुद्धा ओरडून बोलायची आणि पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. बाबा रजेवर आलेत. रजेवरच्या माणसाला पहिले दोन दिवस झोप पुरते, तिसऱ्या दिवसापासून तो बायकोच्या कामात हात घालतो, हे तुझंच वाक्य. तर त्यांनी तुझ्या सुपातली मासळी उचलून लादीवर मांडायला घेतली आणि मला हाक मारली, की ये, तुला आरमार दाखवतो.

चिमूटभर जवळा एका कडेला टाकला. या गस्तीच्या बोटी, किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणाऱ्या. त्यांच्या पुढे मांदेली. ही मिसाइल बोट, दिसायला एवढीशी, पण तिच्या नादी लागायचं नाही. मग काड्यापेटीतली एक काडी ठेवली. ती सुरुंग काढणारी बोट. ती मासळीत बसत नाही, कारण ती लाकडाची असते, पाण्यातले सुरुंग लोखंड जवळ आलं की फुटतात. मग सुका बांगडा, तो कॉर्व्हेट. त्याच्याहून लांब आणि सडसडीत बोंबील, ती फ्रिगेट. आणि खारवलेली अख्खी सुरमई, तिच्यावर तुझा जीव, ती उचलताना त्यांनी तुझ्याकडे एकदा बघून घेतलं, ती विनाशिका. मी विचारलं, विमानं घेऊन जाणारी कुठाय? बाबा म्हणाले, तुझी आय मासळी घेऊन बसलीय ना, ते सूप. सगळ्यांना पोटात घेऊन चालते ती. मला ते इतकं पटलं की कुणी विमानवाहू नौका म्हटलं की मला आजही सूपच दिसतं. तू मात्र एकच विचारलंस, तुमी यातले कशावर? तेव्हा ते फ्रिगेटवर होते. त्यांनी बोंबलावर बोट ठेवलं. तू तो बोंबील उचललास, खालून वरून पाहिलास आणि डब्यात न भरता फळीवर वेगळा ठेवलास. त्या पावसाळ्यात बाकीचे सगळे बोंबील आपण खाल्ले. तो एक फळीवरच राहिला, त्याला कीड लागली तरी तू टाकू दिला नाहीस. बाबांची बदली झाली तेव्हाच तो खाडीत गेला.

बाबांच्या मोजमापाला तू मान डोलवायचीस, पण तुझं मोजमाप निराळं होतं. बोट किती फूट लांब आणि तिच्यावर किती तोफा, याच्याशी तुला देणंघेणं नव्हतं. माणूस घरी कसा परत येतो, त्यावरून तू बोट ओळखायचीस. लहान बोटीवरून ते वाळून यायचे, कारण ती लाटेवर लोळते आणि पोटात अन्न ठरत नाही. लहान बोटीवर गोडं पाणीही तोलूनमापून मिळायचं, म्हणून कपडे मिठानं ताठ झालेले असायचे. ते तू दोनदा नुसत्या पाण्यातून काढायचीस आणि मगच साबण लावायचीस. विमानवाहूवरून आले तेव्हा अंगानं भरले होते आणि सांगत होते की पहिला आठवडाभर जेवणाची जागाच सापडायची नाही, विचारत विचारत जावं लागायचं. तू म्हणालीस, चांगलं झालं, आता तुमाला कललं असंल बाजारात मी कशी हरवते ते. फ्रिगेटचं माणूस मधलं. ना वाळलेलं ना सुटलेलं. तुझ्या मते संसारी माणसाला फ्रिगेट बरी, आणि हे मत तू शेलारला माहेरी जाऊन आपल्या भावांनाही ऐकवायचीस. त्यांनी फ्रिगेट या शब्दाचा काय अर्थ लावला असेल देव जाणे.

नारळही तू बोटीच्या मापानं द्यायचीस. नारळी पुनवेला सगळा गाव खाडीवर लोटायचा, बायका एकेक नारळ सोनेरी कागदात गुंडाळून आणायच्या, आणि तू आदल्या दिवशी शेलारहून आणलेल्या ढिगातून निवडत बसलेली असायचीस. मोठी बोट तर मोठा नारळ, लहान बोट तर लहान. का, तर दर्याला कळायला पाहिजे कोणाचा कोणता. एका वर्षी तू घोळ घातलास. बाबा विमानवाहूवरून गस्तीच्या बोटीवर गेले होते आणि ते पत्र आपल्याला पुनवेनंतर मिळालं. मी पत्र वाचून दाखवलं आणि तुझा चेहराच उतरला. तू तर ढिगातला सगळ्यात दांडगा नारळ देऊन आली होतीस. आता दर्या एवढ्याशा बोटीला विमानवाहूच्या जागी शोधत बसणार, अशी तुझी धास्ती. दुसऱ्याच दिवशी तू एक लहानगा नारळ घेऊन, मला बरोबर घेऊन परत खाडीवर गेलीस. वाटेत तुझ्या लूमवाल्या शेटची आई भेटली, त्यांच्या घरातलेही दोघे जहाजावर होते. तिला सगळं सांगितल्यावर ती हसता हसता वाटेतच बसली आणि म्हणाली, "अगं बाई, दरिया नापके नहीं लेता." तू तिला म्हणालीस, तुमच्या घरचे मालाच्या जहाजावर हायत, तिथं चालत असंल. आणि गेलीसच नारळ सोडायला.

जहाजं बघायला घरच्यांना सोडतात तो दिवस आठवतो? तू नवी साडी नेसून आली होतीस आणि शिडीवर पहिलं पाऊल टाकल्यावर चप्पल काढून हातात घेतलीस. बाबांनी हौसेनं सगळं दाखवलं. इथे तोफ, इथे रडार, इथे आमचं इंजिन. तू सगळीकडे देवळात हिंडावं तशी हिंडलीस. मग तू म्हणालीस, तुमी झोपता कुठं ते दाखवा. त्यांनी खाली नेलं. एकावर एक तीन फळ्या, त्यातली मधली बाबांची. तू वीत टाकून ती मोजलीस, लांबी मोजलीस, रुंदी मोजलीस, वरच्या फळीपर्यंतची उंचीही मोजलीस, आणि बाजूला उभ्या असलेल्या चार खलाशांसमोर बाबांना झापलंस, की एवढी मोठी बोट आणि तुमाला एवढीच जागा? कुनाला सांगितलं न्हाय का तुमी? ते खलाशी दुसरीकडे तोंड करून हसत होते.  परत येताना एस्टीत म्हणालीस, "बोट लहान असू दे न्हायतर मोठी, मानसाला पडायला तेवढीच जागा." माझ्या मते बोटींबद्दल याहून जास्त शहाणपणाचं कुणी बोललेलं नाही, आणि मी इतकी वर्षं बाबांचंच बोलणं ऐकत आलेय.

आणि मग ती संध्याकाळ. मी आठवीत असेन. बाबा रजेवर, तू निवट्या, खाडीच्या चिखलातली ती मासळी, साफ करत बसलेली, राख लावून. बाबा म्हणाले, पाणबुडीसाठी माणसं घेतायत, माझं नाव द्यावं म्हणतो. तू म्हणालीस, ती त्या दिवशी मांडली नव्हती तुमी. ते म्हणाले, मासळीत तिच्यासारखी नव्हती, पण आता आहे, आणि तुझ्या पुढ्यातली एक निवटी उचलून लादीवर ठेवली. ही बघ, चिखलात जाते, वर येते, पुन्हा जाते. लांबीला पाणबुडी कॉर्व्हेटच्या आसपास, म्हणजे बांगड्याएवढीच, पण आत सगळं यंत्रच. तू विचारलंस, झोपायला? बाबा खरं बोलणारे. ते म्हणाले, फळ्या कमी असतात, एक ड्युटीवरून उठला की दुसरा त्याच जागी झोपतो. तू म्हणालीस, म्हंजे हितल्या खोल्यांसारखं. आपल्या चाळीत लूमवाल्यांच्या खोल्या तशाच होत्या, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गोधडीत. ते तुला रोज दिसायचं, त्यामुळे ते तू समजून घेतलंस. पण निवटीचं तू समजून घेतलं नाहीस. "निवटी कशी गावते ठाव हाय ना? बिलात हात घालून." बाबा गप्प झाले.

थोड्या वेळानं तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि खरं काय ते बोललीस. ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "मी दर वर्साला दर्याला काय सांगते? माज्या मानसाला बुडवू नको. आता जी बोट बुडायलाच बांधलीय, तिच्यासाठी मी काय मागू? आनि नारल तर वरच तरंगतो. तो खाली जाईल कसा?" बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं आणि मी वर्गात पहिली होते. तू म्हणालीस, न्हाय जायाचं. विषय तिथेच मिटला. बाबा पुढे निवृत्त होईपर्यंत पाण्यावरच्याच बोटींवर राहिले. त्या संध्याकाळनंतर एक गोष्ट मात्र बदलली. सुरमईचा मधला तुकडा घरात नेहमी बाबांच्या ताटात जायला लागला. आधी तो भावाला नाहीतर मला मिळायचा. मी एकदा कुरकुर केली तर तू डोळे वटारलेस. मला तेव्हाही कळलं होतं की तुला आतून काहीतरी टोचतंय, नवऱ्याची हौस मोडल्याचं.

आता इथलं सांगते. चाळ पाडून तिथे बिल्डिंग झाली, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. माझ्या सासरचं पूर्ण्याचं भातशेत गोडाऊनखाली गेलं, तिथेच मी कामाला. बाबा आमच्याकडे असतात. ऐकायला कमी येतं, ते लूमनं केलं की इंजिननं यावर त्यांचा आणि डॉक्टरांचा वाद आहे. तब्येत ठणठणीत. नातू रजेवर आला की दोघं गॅलरीत बसून बोटींवरून हमरीतुमरीवर येतात. नातू म्हणतो, आजोबा, तुमची मासळी आता चालत नाही, हल्लीच्या फ्रिगेट तुमच्या वेळच्या विनाशिकांपेक्षा मोठ्या झाल्यात. बाबांना हा अपमान वाटतो. बोंबील सुरमईपेक्षा मोठा कसा होईल, असं ते मला स्वयंपाकघरात येऊन विचारतात. मागे एकदा त्यांना आमचं गोडाऊन दाखवायला नेलं होतं. सगळ्यात लांब शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते काठी टेकत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, फ्रिगेट हाय, विनाशिका न्हाय. आमच्या सुपरवायझरला वाटलं म्हातारबाबा काहीतरी बरळतायत. मी त्याला काही समजावलं नाही.

पण पाणबुडीचा विषय निघाला की बाबा गप्प होतात. टीव्हीवर दिसली तरी गप्प, अगदी त्या संध्याकाळसारखे. म्हणून नातवाचं सांगायला गेले तेव्हा आधी टीव्ही बंद केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, तो तुला विचारतोय ना, मग तू सांग. त्यानंतर मी तीन-चार आठवडे घोळत राहिले. झोपताना वाटायचं नाही म्हणावं, एकुलता एक पोरगा, फ्रिगेटवर काय वाईट चाललंय त्याचं, तुझ्या हिशेबानं संसारी माणसाची बोट. उठल्यावर बाबांकडे पाहिलं की वाटायचं, आणखी एका माणसाला जन्मभर गप्प बसवायचं का? आणि मधेच तुझा प्रश्न. नाही म्हणायला मला कारण लागलं असतं, आणि तुझ्या प्रश्नासारखं भक्कम कारण मला कुठून मिळणार? मग एका दुपारी, ट्रक मागे घेणाऱ्या पोराचं ओरडणं ऐकता ऐकता, मला त्याचं उत्तरच सुचलं. पाणबुडीसाठी बुडवू नको असं मागायचंच नसतं. बुडणं तिचं काम आहे, ते तिला करू द्यावं. मागायचं ते एवढंच, की वर आण. किती सोपं होतं, आये. आणि आपण तिघं त्या निवट्यांभोवती तोंडं पाडून बसलो होतो. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाईला स्वतःच्या डब्यातले दोन घावन काढून दिले. पुनवेच्या सकाळी मुलाला फोन केला आणि सांगितलं, जा, माझं काही म्हणणं नाही. तो म्हणाला, बरं. एवढंच. पोरांना फोनवर दोन शब्द जास्त बोलायला काय जातं कोण जाणे.

दुपारनंतर मी आणि बाबा रिक्षानं पूर्ण्याच्या पुढे खाडीवर गेलो. गर्दी पूर्वीसारखीच, फक्त बँजो जास्त आणि जागा कमी. नारळ मी मध्यम घेतला होता, कॉर्व्हेटच्या मापाचा. पाण्यात उतरले, नारळ सोडला, हात जोडले. बाहेर आले तर बाबांनी विचारलं, काय मागितलंस? मी सांगितलं, वर आण असं मागितलं. बाबांनी मान हलवली. म्हणाले, "हे बरोबर हाय. त्या टायमाला तुज्या आयला हे सुचलं असतं तर माजी पंचाईत झाली असती." मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी त्यांना बाजूच्या कठड्यावर बसवलं आणि विचारलं, पंचाईत कसली?

तर ऐक, आये, आणि हे ऐकताना बसलेली असशील तर बरं. बाबांना पाणबुडीवर जायचंच नव्हतं. त्यांच्याबरोबरच्या दोघातिघांनी नावं दिली होती आणि सगळे बाबांकडे बघत होते. बाबा एकदा बंदरात उभ्या असलेल्या पाणबुडीत उतरून आले होते आणि आत गेल्यावर त्यांचा श्वास कोंडला होता. पण ते तोंडानं कसं सांगणार? "मना ठाव होतं ती न्हाय बोलंल. म्हनून तर घरी येऊन इचारलं. दोस्तांना सांगितलं, बायको सोरत न्हाय. सुटलो." मी म्हटलं, अहो बाबा, पण ती जन्मभर मनाला लावून बसली होती, तुमची हौस मोडली म्हणून. बाबा खाडीकडे बघत म्हणाले, मना कलत होतं ना. दोनदा सांगायला गेलो. मग जरासं हसून, "पन मग मधला तुकरा बंद झाला असता." आये, मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि आजूबाजूच्या बायकांना वाटलं म्हाताऱ्याला बरं नाही, एकीनं पाणी आणून दिलं. तुला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. तू कुणाची हौस मोडली नव्हतीस. तू त्यांना सोडवलं होतंस, आणि ते ती सुरमई तुझ्या अपराधीपणासकट मिटक्या मारत खात होते. टीव्हीवर पाणबुडी दिसली की गप्प होतात ते हळहळीनं नाही, शरमेनं होतात. माझा सगळा हिशेबच चुकला होता.

पुढच्याच मिनिटाला मला वेगळीच धास्ती बसली. कारण बाबांनी जर 'नाही' ऐकायला मिळावं म्हणून विचारलं होतं, तर माझ्या पोरानं कशाला विचारलं असेल? तोही कुणाच्या तरी नजरेपुढे अडकला असेल, आई नाही म्हणेल म्हणून आशेनं बसला असेल, आणि मी मोठ्या मनाची होऊन त्याला जा म्हणून मोकळी झाले होते. त्याचं ते नुसतं 'बरं' मला आता वेगळंच ऐकू यायला लागलं. तिथेच, बँजोच्या आवाजात, एका कानावर हात ठेवून त्याला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी आडवळणानं न जाता विचारलं, पोरा, खरं सांग, तुला जायचंय ना? की मी नाही म्हणावं असं वाटत होतं? नसेल जायचं तर आताही सांगते मी, म्हण आई सोडत नाही, माझ्या नावावर खुशाल खपव.  मग तो म्हणाला, "आई, नाव मी तुला फोन करायच्या आधीच दिलंय. मेडिकल पण झालं. तुला वाईट वाटू नये म्हणून विचारलं." मी म्हटलं, आणि मी नाही म्हटलं असतं तर? तो म्हणाला, तर रजेवर आल्यावर समजूत काढली असती. आणि मग, आपणहून, न विचारता, तो बोलत सुटला. पहिल्यांदा आत उतरला तेव्हा काय काय पाहिलं, किती लहान जागेत किती यंत्र बसवलंय, इंजिन बंद करून बॅटरीवर चालतात तेव्हा कशी शांतता असते, आणि त्या शांततेत प्रत्येकाला आपापलं काम कसं पाठ असतं. तुला सांगते, बाबांनी बोंबलावर बोट ठेवलं होतं तेव्हाही त्यांचा आवाज इतका खुलला नव्हता. झोपायचं काय, मी विचारलं. आळीपाळीनं, तो म्हणाला, पण चालतं गं. मी त्याला इथल्या जुन्या खोल्यांचं सांगितलं. त्याला ते माहीतच नव्हतं.

घरी येऊन आम्ही दोघांनी नारळीभात खाल्ला. बाबांना मी सांगितलं की त्यानं आधीच नाव दिलं होतं, तर ते खूश झाले, म्हणाले हा खरा गडी, मला एवढी अक्कल असती तर निदान दोस्तांना तरी तोंडावर सांगितलं असतं. आणि मग बराच वेळ पाणबुडीबद्दल बोलत बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बंदरात ज्या पाणबुडीत उतरले होते तिचं दार केवढं, शिडी कशी, आत डिझेलचा वास कसा. मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. भीती गेली असं नाही. ती फ्रिगेटच्या वेळीही होती, मांदेलीवर पाठवला असता तरी असती. पण माझ्या घरात आता पाणबुडीवर जाऊ इच्छिणारा एक आहे आणि न जाऊ इच्छिणारा एक आहे, आणि दोघांनाही जे हवं होतं ते मिळालेलं आहे. किती घरांत असं होतं?

हे पत्र बाबांना वाचून दाखवणार नाही, आणि घरात राहिलं तर ते त्यांच्या हाती लागेल, म्हणून ठेवणारही नाही. त्यांचं गुपित तुला सांगितलं त्याला त्यांची हरकत नसेल. अडचण माझी आहे. खाडीवर मी त्यांना जे सांगितलं ते खोटं होतं. वर आण, असं मागायचं मी घोकून गेले होते, रिक्षात मनातल्या मनात म्हणत होते. पण पाणी गुडघ्याला लागलं, नारळ हातातून सुटला आणि तोंडातून तुझंच निघालं. माझ्या मुलाला बुडवू नको.